सुट्टीपायी मेलेली माणसं

लखनऊ, २० जानेवारी २०२५

चंद्रप्रभावहिनी यांस,

तुमच्या सहस्रचंद्रदर्शनाची पत्रिका पोचली. रविवार, ९ मार्च, सांगली, राहत्या घरी. कागद जाड आहे, वर गणपती आहे, आत तुमचा फोटो आहे. फोटोत तुम्ही हसताय. तेवीस वर्षं तुमच्याकडे स्वयंपाकाला होते मी. तुम्हाला हसताना पाहिलं ते पाहुण्यांपुढे, नाहीतर फोटोवाल्यापुढे.

गजेंद्र खूश झाला. म्हणाला, "आई, वहिनींनी आठवण ठेवली बघ. रेल्वेचा पास काढतो, चारबाग स्टेशनात गाडीत बसवून देतो, जाऊन ये." मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू. कुठलं लुगडं नेसायचं तेसुद्धा मनात येऊन गेलं. मग पत्रिका उलटी केली. मागे तुमच्या हातचं अक्षर. "गिरजे, दोन दिवस आधी ये. पुरणपोळ्या तुझ्याच हातच्या हव्यात. तू काय, घरचीच."

बाकीच्यांच्या पत्रिकेमागे काय लिहिलंत? वकिलीणबाईंना लिहिलंत का, की लवकर या आणि तेवढं ताक घुसळा?

माझं वय बाहत्तर. उजवा खांदा वर जात नाही. तो तुमच्याच ओट्यापाशी गेला. मी येणार नाही. एवढं कळवायला पोस्टकार्ड पुरलं असतं, पण ते तुमच्या सुनेनं, मंजिरीनं वाचलं असतं. तिच्यापुढे तुमची शोभा नको म्हणून पाकीट घातलंय. चौथीपर्यंतच शिकले, चुका धरू नका. धरल्यात तरी मला कळणार नाहीत.

आणि फोन करू नका. आमच्याकडे फोन आला की सगळे ऐकतात. मी सांगलीत काय करत होते ते इथे कुणाला माहीत नाही. सुनेला माहीत आहे, ती बोलत नाही. सोसायटीत मी रेल्वेतल्या मोठ्या साहेबांची आई. वॉचमनसुद्धा उभा राहून "माताजी" म्हणतो.

तुम्हाला बरं वाटेल अशी एक गोष्ट सांगते. आमच्या सोसायटीत ठराव यायचाय. कामवाल्या बायकांना दर रविवारी सुट्टी द्यायचीच, कुणी नाही म्हणायचं नाही. मीटिंग २३ फेब्रुवारीला. मत ज्याच्या नावावर घर त्याचं. आमचं घर माझ्या नावावर आहे. बाईच्या नावावर घेतलं की सरकार स्टॅम्पात सूट देतं, म्हणून गजूनं घेतलं. प्रेमाबिमाचा संबंध नाही. तर मत माझं, आणि मी विरुद्ध हात वर करणार. डावा.

का, ते ऐका. सून प्रतिमा बँकेत. रविवारी ती अकरापर्यंत उठत नाही. नात स्वरदा कॉलेजात, तिला भांडं कुठल्या बाजूनं घासतात ते माहीत नाही. मग आमची रामरती आली नाही की नळाखाली हात कोण घालतं? इथल्या जानेवारीचं पाणी बोटं तोडतं. तिच्या सुट्टीचं काम माझ्याच पाठीवर येतं.

आणि या बाया सुट्टी घेत नाहीत असं थोडंच आहे? रामरतीनं दोन वर्षांत तीन सासरे मारले. मी बँकेच्या कॅलेंडरवर फुल्या मारून ठेवते, वर्ष बदललं की जुन्या फुल्या नव्यावर उतरवते. एका बाईला सासरे असावेत किती? मला कुणी शिकवायला नको यातलं.

गिरजा

---

५ फेब्रुवारी २०२५

चंद्रप्रभावहिनी यांस,

उत्तर मिळालं. अक्षर मंजिरीचं. तुमचा हात दोन ओळींना पुरतो, पत्राला पुरत नाही म्हणे. म्हणजे माझं पाकीट वायाच गेलं.

तुम्ही लिहवून घेतलंय, "तुला काय कमी केलं? दर दिवाळीला पातळ दिलं. इंद्रजितची पुस्तकं गजूला दिली, त्या पुस्तकांवर तो एवढा झाला." दिलीत, नाही कुठे म्हणते. तुमच्या इंद्रजितनं पुस्तकं कधी उघडली नव्हती, त्यामुळे गजूला अगदी कोरी मिळाली. त्याचे उपकार इंद्रजितचे.

पुढे लिहिलंय, "सुट्टी मागितलीस आणि दिली नाही असं कधी झालं?"

कधीच झालं नाही. कुणी मेलं की तुम्ही लगेच द्यायचात. अर्धा दिवस जाळायला, अर्धा दिवस परत यायला. नुसती सुट्टी मागितली तर मात्र म्हणायचात, "का गं? काय विशेष?" आणि विशेष काही नसलं की, "मग घरी बसून काय करणार आहेस? इथे बस."

असो. काल रथसप्तमी झाली, माझ्या घरी सुनेचं हळदीकुंकू होतं. छावणीतल्या, रेल्वेतल्या, बँकांतल्या मिळून एकोणीस मराठी बायका आल्या. तिळाच्या वड्या मी केल्या. सगळ्यांनी विचारलं, "काकू, हात काय सुरेख आहे हो तुमचा, कुठे शिकलात?" म्हटलं, "घरीच." कुणाच्या घरी ते कुणी विचारलं नाही.

आदल्या दिवशी रामरती फरशी पुसत होती. मी म्हटलं, "कल शाम को आना, हल्दी-कुमकुम है. तू तो घर की है."

ती पुसत पुसतच म्हणाली, "माताजी, बुलाया है कि काम पे बुलाया है?"

"मतलब?"

"मतलब, उसी हिसाब से साड़ी पहन के आऊँ."

वहिनी, मला असा राग आला. जीभ बघा हिची, म्हटलं. मी म्हटलं, "दोनों."

ती कामाच्या साडीत आली. एकोणीस बायकांच्या बश्या आणि कप धुतले, मग सुनेनं तिला हळदीकुंकू लावलं. वाण म्हणून स्टीलची वाटी दिली. तिचे हात ओले होते, वाटी निसटून खाली पडली आणि गोल गोल फिरत राहिली. पाहुण्या गेल्यावर स्वरदा म्हणाली, "आजी, वो गेस्ट थी या वेटर? डिसाइड तो कर लो." ही मराठीत विचारलेल्याचं उत्तर हिंदीत देते, आणि न विचारलेल्याचंही.

रात्री तुमची पत्रिका पुन्हा उलटी करून पाहिली. तुमच्या दोन ओळी आणि माझं ते "घर की है", मला त्यात काही फरक दिसला नाही. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. पण आता लिहून झालं, आणि खोडलेलं पत्र मी पाठवत नाही.

माझं मत बदललंय असं समजू नका. भांडी अजून मलाच घासावी लागतात.

गिरजा

---

१७ फेब्रुवारी २०२५

चंद्रप्रभावहिनी यांस,

हे पत्र मंजिरीकडून वाचून घेऊ नका. चष्मा लावा आणि स्वतः वाचा. अक्षर मोठं काढलंय.

परवा, शनिवारी रामरती आली नाही. काल आली आणि दारातच म्हणाली, "माताजी, जेठ खतम हो गए."

जेठ म्हणजे मोठा दीर. मी तिला कॅलेंडरपाशी नेलं. "हा बघ," म्हटलं, "हे तीन तुझे सासरे, ही मावशी, हा मागच्या चैतातला जेठ. हा जेठ कुठला? हे खानदान आहे का मसणवटा?" हे सगळं हिंदीत, पण माझी हिंदी रागात मराठीच होते, तिला कळली.

ती फुल्या बघत राहिली. मला वाटलं रडेल, पाया पडेल. तर म्हणाली, "हाँ, झूठ था."

"झूठ बोलते शरम नहीं आती?"

"सच बोलती तो छुट्टी देतीं?"

"सच क्या है, वो तो बोल. क्या किया दिन भर?"

"सोई."

"सोई?"

"कुछ नहीं किया, माताजी. आदमी फेरी पे गया था, बच्चे स्कूल. धूप निकली थी. छत पे चटाई डाल के सोई. तीन बजे उठी, फिर सो गई."

मग तिनं हात धुतले आणि भांड्यांना बसली. पाठ माझ्याकडे करून म्हणाली, "जेठ ठीक हैं. पुदीना बेच रहे हैं."

मला हसू आलं. ते तिला दिसू नये म्हणून आत गेले, आणि आत गेल्यावर ते गेलं.

आता नीट वाचा.

१९९१ साली गजू दहावीला तालुक्यात पहिला आला. शाळेत सत्कार होता, आईवडलांना बोलावलं होतं. त्याचा बाप तोवर गेलेला. मी आठवडाभर आधी तुम्हाला विचारलं. तुमच्याकडे त्या दिवशी इंद्रजितला बघायला येणार होते. तुम्ही म्हणालात, "बक्षीस काय पळून जातंय? तो घरी घेऊन आला की बघ." बरोबरच होतं तुमचं. बक्षीस पळालं नसतं.

तोवर सुट्टीपायी माझा एक चुलता, दोन मावश्या आणि सासरकडचे बरेच मारून झाले होते. लांबचं माणूस सांगितलं असतं तर तुम्ही "उद्या जा" म्हणाला असतात. म्हणून सत्काराच्या दिवशी सकाळी मी आईला मारलं. तासगावला माझी आई धडधाकट होती, त्या दिवशी तिनं शेंगा फोडल्या असतील. तुम्ही म्हणालात, "अगं बाई, जा जा." मी शाळेत गेले. हेडमास्तरांनी मला खुर्ची दिली. अर्धा तास मी त्या खुर्चीत बसले, आणि सगळा वेळ डोक्यात एकच, की तुमच्या ओळखीचं कुणी हॉलमध्ये नाही ना. गजूला हार घातला तेव्हा मी दाराकडे बघत होते. त्याला बक्षीस देताना मी पाहिलेलं नाही. हे त्याला आजवर माहीत नाही.

दहाव्या दिवशी तुम्ही मला नवं पातळ दिलंत, आईच्या नावानं. निळं, बारीक काठाचं.

त्यानंतर दोन वर्षांनी माझी आई खरी मेली.

तुमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. गौर झोपाळ्यात बसली होती, हरभरे भिजले होते, पंचावन्न बायकांची आंब्याची डाळ वाटायची होती. सकाळी नऊला तासगावचा माणूस मागच्या दारी आला आणि सांगून गेला. तुम्ही पुढून विचारलंत, "कोण गं?" मी म्हटलं, "रद्दीवाला."

दुसरं काय सांगणार होते? आई मेली म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "कितव्यांदा?" मग मागचं सगळं निघालं असतं. गजू बारावीला होता आणि तुमचा ओटा हा माझा सगळा आधार होता.

मी डाळ वाटली. पन्हं केलं. तुमच्यात सोवळं किती कडक, बाहेरच्या बाईचा पदर लागला तर तुम्ही पुन्हा आंघोळ करायचात. लग्न झालेली लेक असले तरी आईबापाचं तीन दिवस सुतक मलाही होतं. त्या सुतकातल्या हातांनी मी तुमच्या गौरीचा नैवेद्य केला आणि तो तुम्ही तिला दाखवलात. पंचावन्न सवाष्णी खाऊन गेल्या. वकिलीणबाईंनी दोनदा मागून घेतला. गौर काही झोपाळ्यातून खाली पडली नाही.

संध्याकाळच्या एसटीनं तासगावला गेले. सगळं आटोपलं होतं. भाऊ म्हणाला, "आता आलीस?" त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, अजून बोलत नाही. त्याला वाटतं, शहरातल्या कामापुढे मला आईचं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तुमच्या ओट्यापाशी हजर होते. तुम्ही म्हणालात, "डोळे का गं सुजलेत?" म्हटलं, "कांदा."

बत्तीस वर्षं हे पोटात ठेवलं. तुमची माफी मागायला लिहीत नाही. तुम्ही मागावी म्हणूनही लिहीत नाही, तुम्हाला ती येत नाही. तुम्ही विचारलंत ना, सुट्टी मागितलीस आणि दिली नाही असं कधी झालं? हे झालं. मी मागितली नाही.

गिरजा

---

२४ फेब्रुवारी २०२५

चंद्रप्रभावहिनी यांस,

फोन नको म्हटलं होतं, तरी मंजिरीनं केला. माझं पत्र वाचून तुम्ही दोन दिवस नीट जेवला नाहीत म्हणाली. मग हळू आवाजात म्हणाली, की तुम्ही गुरुजींना बोलावून विचारलंत, बत्तीस वर्षांपूर्वी गौरीला सुतकातला नैवेद्य दाखवला गेला असेल तर आता प्रायश्चित्त काय.

मी मंजिरीला विचारलं, "माझ्या आईचं काही विचारलं का?"

तिनं इथल्या थंडीची चौकशी सुरू केली. पोर बरी आहे तुमची सून, तिला खोटं बोलता येत नाही. तुमच्या घरात तिचं कठीण आहे.

घ्या प्रायश्चित्त. पंचगव्य घ्या, गुरुजी सांगतील ते करा. आता इथलं ऐका.

काल मीटिंग झाली. रविवारी, अकरा वाजता, खालच्या हॉलमध्ये. बायकांना रविवारी सुट्टी द्यावी का यावर बोलायला साठ माणसं जमली, आणि त्या साठ माणसांना चहा द्यायला चार कामवाल्या बायका बोलावल्या होत्या. रविवारी. त्यातली एक आमची रामरती. हातात ट्रे, नजर खाली, कान मात्र उघडे.

गजू आणि प्रतिमा माझ्या दोन बाजूंना बसले होते, म्हातारी कुठे पळून जाऊ नये तसे. लिफ्टमध्येच प्रतिमा म्हणाली होती, "आई, मला रविवार एकच मिळतो." मी म्हटलं होतं, "हो, एक मिळतो."

सेक्रेटरी श्रीवास्तवजी, मोठा अदबीचा माणूस. शिवीसुद्धा "आप" लावून देईल. ते म्हणाले, "देखिए, इतवार भी ले लेंगी और बीच में इनके ससुर भी मरते रहेंगे. फिर?" सगळे हसले. प्रत्येकाकडे असे सासरे होते. एकीनं पाच सांगितले. एकानं सांगितलं, त्यांच्या बाईनं एकाच माणसाला होळीला मारलं आणि दिवाळीला परत मारलं. हॉलमध्ये मजा सुरू झाली. रामरती माझ्यासमोर कप ठेवत होती. तिच्या हातातला ट्रे हलला नाही.

मी उठले. उठायला वेळ लागतो, तोवर हसणं थांबलं. मी काय होते ते सांगणार नव्हते, आणि सांगितलंही नाही. साठ माणसांना माझं गाठोडं उघडून दाखवायला मी काही भोळी नाही. एवढंच म्हटलं, "श्रीवास्तवजी, इतवार दे दो. फिर जो मरेगा, सच में मरेगा."

श्रीवास्तवजी म्हणाले, "माताजी, आप तो खिलाफ थीं."

म्हटलं, "थी."

मी डावा हात वर केला. प्रतिमानं माझ्याकडे पाहिलं नाही. गजू मोबाइल बघत राहिला. ठराव तीन मतांनी पास झाला, पण पास होता होता लोकांनी त्याचे पाय कापले. दर रविवारच्या ठिकाणी महिन्यातले दोन, दुसरा आणि चौथा. इथे बाजारालासुद्धा आठवड्याला बंदी असते, अमीनाबाद गुरुवारी, हज़रतगंज रविवारी. दुकानाच्या शटरला आठवड्याला एक दिवस, आणि हाडामासाच्या बाईला पंधरवड्याला. पण कारण न सांगता. ते मी मोठ्यानं सांगून लिहून घ्यायला लावलं, "कारण नहीं पूछा जाएगा."

घरी आल्यावर प्रतिमानं विचारलं, "मग त्या दिवशी भांडी कोण घासणार?" मी म्हटलं, "गजू." तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याचं हसू गेलं. म्हणाला, "आई, मला सुट्टीचा एक दिवस असतो." म्हटलं, "अच्छा. काय विशेष असतं तुझं?" स्वरदा आतून हसली, तर कढया तिच्या वाट्याला आल्या.

आज सकाळी रामरती आली. मी कॅलेंडर तिच्या हातात दिलं. तिनं फुल्या मोजल्या नाहीत, नुसतं पान उलटलं आणि मार्चचा दुसरा रविवार शोधला. "क्या करेगी उस दिन?" असं माझ्या तोंडाशी आलं होतं. गिळलं. तिनंही सांगितलं नाही. "धन्यवाद" वगैरे ती काही बोलली नाही, आणि मला ते बरं वाटलं.

तर वहिनी, दुसरा रविवार म्हणजे ९ मार्च. तुमचं सहस्रचंद्रदर्शन त्याच दिवशी. रामरतीची पहिली सुट्टी, आणि आमच्याकडे गजूची पहिली भांडी. मी समोर उभी राहिले नाही तर तो साबण तसाच ठेवील, नाहीतर रामरतीला फोन करून बोलावील. त्याची आई आहे मी, मला माहीत आहे. म्हणून येता येत नाही.

पुरणपोळ्या बाहेरून मागवा. त्या उचलताना तुटतील, पाहुणे नावं ठेवतील, मग कुणीतरी विचारील, "गिरजा आली नाही का?" तिच्या मोलकरणीला सुट्टी आहे म्हणून गिरजा आली नाही, हे तुमच्या पाहुण्यांना पटायचं नाही. त्यांना पटेल असं कारण सांगा. सांगा, गिरजाची आई वारली.

गिरजा